पावती मागणारे कूळ

मराठीत 'कूळ' हा शब्द दोन अगदी वेगळ्या अर्थांनी नांदतो. एक कूळ म्हणजे घराणे. कुळाचार, कुळदैवत, कुळाचे नाव हे सारे त्यातले. दुसरे कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी, किंवा सावकाराच्या वहीतला देणेकरी. पहिले कूळ पिढ्यान् पिढ्या मूळ धरून असते, तर दुसऱ्याला वर्ष संपले की उठवता येत असे. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधले अंतर कमी करावे म्हणून आपल्याकडे गेल्या दीडशे वर्षांत कायद्यांमागून कायदे झाले. त्या कायद्यांची गोष्ट आज थोडक्यात सांगायची आहे.

ही गोष्ट एका साध्या प्रश्नाभोवती फिरते. भाडेकरूने किंवा कुळाने आपला हक्क मागितला, म्हणजे पैसे दिल्याची पावती मागितली, छत गळते म्हणून तक्रार केली, भाडे जास्त आहे म्हणून अर्ज केला, आणि मालकाने त्यावर उत्तर म्हणून त्याला बाहेरच काढले, तर कायद्याने काय करावे? इंग्रजी कायद्याच्या जगात या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे. आपण त्याला 'सुडाची बेदखली' म्हणू या.

आमच्या घरात दखनी बोलतात आणि मी लिहितो मराठीत. त्यामुळे जमीनजुमल्याच्या कागदांतले शब्द मला दोन्ही बाजूंनी ओळखीचे वाटतात. मालक, हक्क, बेदखल, कबुलायत, राजीनामा हे सगळे फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. पण 'पावती' हा शब्द मात्र अस्सल मराठी आहे. पावणे म्हणजे पोहोचणे, मिळणे. पैसे पावले, म्हणून पावती. गंमत अशी, की आपल्या भागातला भाडेकऱ्यांचा आणि कुळांचा सगळा झगडा या एका मराठी शब्दासाठी झाला, असे म्हटले तरी चालेल.

सुरुवात करमाळ्यापासून फार लांब नसलेल्या एका गावातून करू. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. १८७४च्या डिसेंबरात तिथल्या काळुराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला. कर्ज होते दीडशे रुपयांचे. हुकूमनामा हातात पडताच सावकाराने देशमुखांचे घर पाडायला घेतले. गावाला ते सहन झाले नाही. कर्ज फेडायला हवे याबद्दल कोणाचे दुमत नव्हते, पण माणसाचे घर त्याच्या डोळ्यांदेखत पाडायचे, ही गोष्ट गावाला झोंबली. गावाने सावकाराशी व्यवहार तोडले. न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत, कोणी पाणी भरायचे नाही, असे ठरले. आयर्लंडमध्ये कुळांनी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी असहकार केला आणि त्याच्या नावावरून इंग्रजीला बहिष्कारासाठी एक नवा शब्द मिळाला, तो १८८० साली. करड्याची माणसे त्याच्या पाच-सहा वर्षे आधीच तेच करीत होती.

पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे इथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत पसरला. इतिहासात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. एक गोष्ट त्यात लक्षात घेण्यासारखी आहे. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या तिजोरीवर नव्हता. तो होता कर्जरोख्यांवर, खतांवर, हुकूमनाम्यांवर. लोकांनी कागद मागितले आणि मिळाले ते जाळले. ज्या कागदावर काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, पण ज्याच्या जोरावर आपल्याला घरातून काढता येते, त्या कागदाची भीती किती खोल असेल, याची कल्पना यावरून येते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. इंग्रजीत त्याला दख्खन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट म्हणत. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू झाला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपला सोलापूर. म्हणजे करमाळा तालुका पहिल्या दिवसापासून त्यात होता. या कायद्याने शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद केले. जमीन खास गहाण लिहून दिलेली नसेल, तर साध्या कर्जासाठी ती विकता येईनाशी झाली. कोर्टाने नुसता रोखा पाहून निकाल न देता मूळ कर्ज किती होते आणि व्याज किती चढले, याचा मागोवा घ्यावा, असे सांगितले. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, पैसे दिल्यावर शेतकऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, हा त्याचा हक्क या कायद्यात लिहिला गेला.

कायदा चांगला होता, पण त्यात एक मोठी फट राहिली. तो कर्जदाराला जपत होता, जमीन कसणाऱ्या कुळाला नाही. दुसऱ्याची जमीन अर्धेलीने किंवा खंडाने करणाऱ्या माणसाला हंगाम संपल्यावर मालक 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणू शकत होता. त्यासाठी कोणतेही कारण द्यायची गरज नव्हती. कारणच द्यायचे नसेल, तर खरे कारण सूड आहे की आणखी काही, हे विचारणार तरी कोण?

हा प्रश्न ऐरणीवर आला तो कोकणात. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी कसायचेच नाकारले. खोताच्या जाचापुढे त्यांनी उपाशी राहणे पत्करले. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. या सगळ्याचा परिणाम म्हणून १९३९चा कूळकायदा आला. १ जानेवारी १९३८च्या आधी सलग सहा वर्षे जमीन कसणारा तो 'संरक्षित कूळ', असे त्यात ठरले.

आता मालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सहा वर्षे पुरी झाली की कूळ पक्के होते, असे त्याला कळले. मग कूळ बदलत राहणे, दरवर्षी निराळा तुकडा देणे, कागदावर नावच येऊ न देणे, या साऱ्या युक्त्या सुचणारच. कायद्याने संरक्षण देऊ केले की ते पोहोचण्याआधीच माणसाला उठवायचे, हा सुडाचाच एक सावध प्रकार आहे. माणसाने हक्क मागण्यापूर्वीच त्याची शिक्षा त्याला मिळते.

स्वातंत्र्यानंतर १९४८चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. मालकाला मामलेदाराच्या हुकमाशिवाय कुळाकडून ताबा घेता येणार नाही, असे त्याने सांगितले. पण एक दार उघडे ठेवावेच लागले. कुळाला स्वतःच्या मर्जीने जमीन सोडायची असेल तर? जमिनीच्या दप्तरात असे सोडून देण्याला 'राजीनामा' म्हणत. राजी होऊन लिहून दिलेला कागद तो राजीनामा. आज आपण नोकरीच्या संदर्भात हा शब्द वापरतो आणि त्यातला 'राजी' विसरतो. त्या काळी कुळे एकाएकी फार राजी होऊ लागली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. कुळांकडच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर मालकांकडे परत गेल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा 'खुशीने सोडल्या' म्हणून नोंदल्या गेल्या, ही गोष्ट त्यातून पुढे आली. ही खुशी खरी होती का, असा रोकडा प्रश्न त्यांनी विचारला.

आमचा करमाळा तालुका अवर्षणाचा. उजनीचे पाणी भीमाकाठच्या गावांत खेळू लागले ते १९८० नंतर. त्यापूर्वीची शेती म्हणजे मुख्यतः रब्बीची ज्वारी, तीही पावसाच्या लहरीवर. अशा मुलखात कूळ आणि मालक रोज एकमेकांच्या तोंडापुढे असतात. बी-बियाणे मालकाचे, अडीनडीला उसने धान्य मालकाचे, लग्नकार्याला मदत मालकाची. तिथे मामलेदारापुढे उभे राहून 'हा राजीनामा माझ्या खुशीचा नाही' असे म्हणायला किती मोठी छाती लागत असेल! कागद खरा आहे की खोटा, ते कायदा तपासू शकतो. पण अंगठा उठवणाऱ्याच्या पोटातली भीती तपासण्याचे साधन त्याच्याकडे नसते.

तरीही कायदा पुढे सरकत राहिला. १९५६च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ कायद्याने तिचे मालक मानले गेले. किंमत न्यायाधिकरणाने ठरवायची आणि ती हप्त्यांनी फेडायची सोय होती. स्वतः कसण्यासाठी जमीन हवी असलेल्या मालकाने ३१ डिसेंबर १९५६ पूर्वी नोटीस द्यायची होती. विधवा, अज्ञान मुले आणि अपंग मालक यांच्यासाठी मुदत लांबवली होती, कारण प्रत्येक मालक काही धनदांडगा नसतो. जमीनदारांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि १९५८ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा सातबाऱ्यावर आली. पण कोणाच्या? ज्याचे नाव पीकपाहणीत किंवा इतर हक्कांच्या रकान्यात होते त्याच्या, ज्याच्याकडे खंडाच्या पावत्या होत्या त्याच्या. ज्याने पावती मागितली नव्हती, किंवा मागितली म्हणून आधीच उठवला गेला होता, तो या दिवसापासून लांबच राहिला.

आमच्या तालुक्याच्या पूर्वेला लागूनच परांडा. १९४८ पर्यंत तिथे निजामाचे राज्य होते. त्यामुळे शेजारच्या दोन शिवारांतल्या दोन कुळांना दोन वेगळे कायदे लागू होते. तिकडे १९५०चा हैदराबाद कूळकायदा आला. घरभाड्याचेही तसेच. मराठवाड्याला एक कायदा, विदर्भाला दुसरा आणि पश्चिम महाराष्ट्राला तिसरा. राज्य १९६० साली एक झाले, पण भाडेकरू एक व्हायला २००० साल उजाडावे लागले.

आता शेतातून गावात येऊ. पहिल्या महायुद्धात मुंबईत माणसांची गर्दी झाली, भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तेच घडले. १९४७ साली मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. मुंबई, पुणे, सोलापूर अशी शहरे आणि सरकारने वेळोवेळी जाहीर केलेले इतर भाग त्याच्याखाली आले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच मूळ भाडे धरून त्याला 'प्रमाणित भाडे' म्हटले गेले. मालकाला घर रिकामे करून हवे असेल, तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे कोर्टात सिद्ध करावे लागे.

या कायद्यात 'सूड' असा शब्द कुठेही नाही. पण सुडाची हत्यारे कोणती असतात, हे कायदा करणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. मालक पावती देत नाही आणि मग भाडे थकले म्हणून दावा लावतो. म्हणून पावती न देणे हाच गुन्हा ठरवला. मालक नळ तोडतो, वीज तोडतो; म्हणून आवश्यक सोयी तोडायला मनाई केली. मालक भाडे घेतच नाही आणि थकबाकीदार ठरवतो. म्हणून भाडे द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला बाहेर काढता येणार नाही, असे लिहिले. त्या काळात पेठांमधले भाडेकरू दर महिन्याला मनिऑर्डरने भाडे पाठवीत. मालकाने ती नाकारली, की पोस्टमनच्या शेऱ्यासह परत आलेला तो कागद जपून ठेवीत. नाकारलेली मनिऑर्डर हीच मग त्यांची पावती होत असे.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. १९४०चे भाडे १९९० साली मिळत असेल, तर तो घराची कौले कशी बदलणार? अनेक वाड्यांचे मालक भाडेकरूंपेक्षा गरीब झाले. वाडे ढासळले, पागडीचा काळा व्यवहार वाढला. १९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भाडे असे गोठवून ठेवणे वाजवी राहिलेले नाही. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. राज्यभरचे निरनिराळे कायदे जाऊन हा एक आला. भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करायची मुभा मालकाला मिळाली. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी भाडेकरूला नव्वद दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पावतीची सक्ती आणि सोयी तोडण्याची मनाई कायम राहिली. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तर ती गरज वाजवी आणि प्रामाणिक असली पाहिजे, आणि जागा दिल्याने किंवा न दिल्याने कोणाची अडचण जास्त होईल, हेही न्यायालय तोलून पाहते. सुडाला 'गरजे'चा सदरा घातला, तर तो उतरवून पाहण्याची जागा हीच.

परदेशांत याच प्रश्नाला सरळ नाव देऊन उत्तर दिले गेले. वॉशिंग्टन शहरात १९६५ साली एका भाडेकरू बाईने घरातल्या अस्वच्छतेची, मोडतोडीची तक्रार सरकारी खात्याकडे केली. तपासणीत चाळीसहून जास्त दोष सापडले. घरमालकाने तिला तीस दिवसांत घर सोडण्याची नोटीस दिली. महिन्याच्या कराराने राहणाऱ्या भाडेकरूला कारण न देता काढण्याचा हक्क मालकाला होता. पण १९६८ साली तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले, की कोणतेही कारण नसले तरी चालेल, मात्र तक्रार केली म्हणून काढणे चालणार नाही. खटल्याचे नाव 'एडवर्ड्स विरुद्ध हबीब'. अरबीत 'हबीब' म्हणजे प्रिय मित्र. नावाने माणूस बांधला जात नाही, हेच खरे! इंग्लंडने २०१५ साली तक्रारीनंतरच्या अशा नोटिशींवर बंधने घातली, आणि विनाकारण घर रिकामे करायला लावण्याची पद्धतच बंद करण्याचा कायदा २०२५ साली मंजूर केला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे आता बहुतेक नवी घरे अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'ने दिली जातात. हा राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. मुदत संपली की त्याला जावे लागते. न गेल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. मालकाला कारण द्यायचे नाही. म्हणजे जुन्या काळच्या अर्धेलीच्या कुळासारखीच त्याची स्थिती झाली. नळाची तक्रार केली, अनामत रकमेचा हिशेब मागितला, करार नोंदवा म्हणाला, की अकराव्या महिन्यात शांतपणे 'आम्हाला जागा हवी आहे' एवढेच ऐकू येते. मग नवे घर शोधायचे. काहींना तर आडनाव सांगितल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा येत नाही, दुसराच येतो. आत राहणाऱ्याला कायदा थोडेफार जपतो, पण दारात उभ्या असलेल्याला नाही.

तरी काही गोष्टी हातात आहेत. हा भाडेकायदा सगळीकडे सारखा लागू नाही. आपली जागा त्याच्या कक्षेत येते का, हे आधी विचारून घ्यावे. येत असेल तर करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. नुसत्या स्टँपपेपरवर भिस्त ठेवणाऱ्या मालकांनी आणि भाडेकरूंनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवावे. भाडे रोख दिले तर पावती घ्यावी. बँकेतून दिले तर महिना कोणता ते लिहावे. आणि मुदत संपली तरी मालकाला स्वतः कुलूप तोडून सामान रस्त्यावर टाकता येत नाही. कोणी कायद्याबाहेर जबरदस्तीने हुसकावले, तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात ताबा परत मागता येतो. तिथे मालकी कोणाची, हा प्रश्नही विचारला जात नाही.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी म्हण आपल्याकडे आहे. ती अनुभवातूनच आली आहे. पण पायरी चढायची वेळ येऊ नये, म्हणूनच कागद आधी नीट करायचा असतो. सज्जन मालकालाही त्याचाच आधार असतो, कारण घर बळकावले जाईल, ही भीती त्याच्याही उशाशी असते.

या दीडशे वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आधी कायद्याने हक्क दिला, मग तो मागणाऱ्याला उठवले गेले, आणि मग तसे उठवणे अवघड व्हावे म्हणून कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला. प्रत्येक पावलामागे कोणीतरी पहिल्यांदा तोंड उघडलेले असते. चरीच्या कुळांनी उघडले, वॉशिंग्टनच्या त्या बाईने उघडले, आणि मालकासमोर उभे राहून 'पावती द्या' म्हणणाऱ्या, कुठल्याही पुस्तकात नाव नसलेल्या कितीतरी माणसांनी उघडले. आपण भाडेकरू असू तर ती जरूर मागावी. आपण मालक असू तर मागण्याची वाट न पाहता द्यावी. त्या चिटोऱ्याची किंमत फार नसते. पण ज्याच्या हाती ते असते, त्याला रात्री त्याच छपराखाली निर्धास्त झोप लागते.